अमेरिकेत गॅस पाइपलाइनची कपॅसिटी ट्रेड करायला वेगळी अफिलिएट (आपल्याच ग्रुपमधली) कंपनी काढताय? मग हा क्रम पाळा

मी ह्यूस्टनमध्ये असते. सुरुवात गॅस शेड्युलिंगपासून (रोज किती गॅस कुठून कुठे जाणार ते पाइपलाइनला कळवायचं काम) केली, आता बरीच वर्षं कंप्लायन्समध्ये, म्हणजे नियम पाळले जातात ना ते बघायच्या कामात, आहे, आणि आमच्या ग्रुपने कपॅसिटी ट्रेडिंगसाठी वेगळी एलएलसी काढली तेव्हा तिची रेग्युलेटरी बाजू माझ्याकडे आली. कंपनी काढायला एक आठवडा पुरला. डेलावेअरमध्ये फॉर्म भरला, फी भरली, झालं. पण तिच्या नावाने पाइपलाइनवर पहिला डेकाथर्म (गॅस मोजायचं एकक) हलायला सात महिने लागले, आणि कोणी नीट क्रम सांगितला असता तर त्यातले निदान तीन महिने वाचले असते. पुण्या-मुंबईतल्या ऑफिसांतून अमेरिकन ट्रेडिंग डेस्कचं काम बघणारी कितीतरी मुलं-मुली मला हेच विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय.

अगदी नवीन असाल तर आधी दोन वाक्यांत. पाइपलाइनवर कपॅसिटी घेणं म्हणजे रोज अमुक इतका गॅस इथून तिथे नेण्याचा हक्क महिन्याच्या भाड्याने घेणं, मग तुम्ही गॅस न्या नाहीतर नका नेऊ, भाडं भरावंच लागतं. आपल्याकडे नाटकवाल्यांना नाट्यगृहाच्या तारखा मिळतात तसं समजा. तारीख एकाच्या नावावर आणि प्रयोग भलत्याचाच, यावरून काय वाद होतात ते तुम्हाला माहीत आहेच. अमेरिकेतही भांडणाचं मूळ तेच आहे, फक्त इथे मॅनेजरच्या जागी फर्क बसलेलं आहे, म्हणजे फेडरल एनर्जी रेग्युलेटरी कमिशन. १९९२ च्या ऑर्डर ६३६ ने पाइपलाइन कंपन्यांचं गॅस विकणं आणि गॅस वाहून नेणं वेगळं केलं, आणि ज्याच्याकडे कपॅसिटी आहे त्याला ती दुसऱ्याला रिलीज करायची, म्हणजे वापरायला देऊन टाकायची, सोय दिली. आपला सगळा धंदा या सोयीवर उभा आहे.

१. आधी ग्रुपचा वंशवृक्ष काढा

हे काम वकिलाकडे जायच्या आधी करा, नाहीतर तो तासाच्या दराने तुमच्याकडून हेच करून घेईल. एका मोठ्या कागदावर ग्रुपमधली प्रत्येक कंपनी, तिचं पूर्ण कायदेशीर नाव, कोणाची किती टक्के मालकी, आणि ती नेमकं काय करते ते लिहा. चार प्रश्नांची उत्तरं हवीत. ग्रुपमध्ये इंटरस्टेट पाइपलाइन आहे का? घरोघरी गॅस पोचवणारी लोकल डिस्ट्रिब्युशन कंपनी आहे का? स्वतःच्या विहिरी आहेत का? आणि आणखी कोणाच्या नावावर पाइपलाइन कपॅसिटी आहे का?

मालकी बघताना ५१ टक्क्यांवर थांबू नका. फर्कच्या स्टँडर्ड्स ऑफ कंडक्टमध्ये (पाइपलाइन आणि तिच्या अफिलिएट्सच्या वागणुकीचे नियम, तिसऱ्या पायरीत येतील) १० टक्के व्होटिंग इंटरेस्ट, म्हणजे मतदानाचा हक्क, असला की कंट्रोल आहे असं धरून चालतात, आणि नाही हे दाखवायची जबाबदारी तुमच्यावर येते. आमच्या कागदावर एका जॉइंट व्हेंचरमधला असाच एक छोटा हिस्सा सुटला होता, तो सापडल्यावर अर्धा मेमो पुन्हा लिहावा लागला.

२. गॅस विकायला लायसन्स लागतं का

इथे नवीन लोक उगीच घाबरतात. तुमची कंपनी स्वतः इंटरस्टेट पाइपलाइन नसेल तर गॅस विकायला वेगळा अर्ज करायचा नसतो, १९९२ पासून ब्लँकेट मार्केटिंग सर्टिफिकेट, म्हणजे सरसकट दिलेला विक्रीचा परवाना, नियमानेच मिळालेलं असतं.

पण अफिलिएट असण्याचा पहिला परिणाम इथेच दिसतो. १९८९ च्या वेलहेड डीकंट्रोल कायद्यानंतर ज्याला 'फर्स्ट सेल' म्हणतात ती विक्री फर्कच्या हद्दीबाहेर गेली, आणि स्वतंत्र मार्केटरची (गॅस घेऊन पुढे विकणाऱ्याची) विक्री बऱ्याचदा त्यात बसते. तोच गॅस पाइपलाइनच्या किंवा डिस्ट्रिब्युशन कंपनीच्या अफिलिएटने विकत घेऊन पुढे विकला, तर तो फर्स्ट सेलमध्ये बसत नाही आणि ब्लँकेट सर्टिफिकेटच्या अटी लागू होतात. किमतींचे रेकॉर्ड पाच वर्षं ठेवायचे हे त्यातच आलं. तेव्हा "शेजारचा मार्केटर करतो मग आपण का नाही" हा युक्तिवाद डेस्कवर ऐकू आला की तिथेच थांबवा.

३. ग्रुपमध्ये पाइपलाइन असेल तर मधली भिंत

ग्रुपमध्ये इंटरस्टेट पाइपलाइन नसेल तर हे सोडून पुढे जा. असेल, आणि तुमची नवीन कंपनी त्याच पाइपलाइनवर गॅस नेणार असेल, तर २००८ च्या ऑर्डर ७१७ मधले स्टँडर्ड्स ऑफ कंडक्ट लागतात. पाइपलाइन चालवणारे लोक आणि गॅस विकणारे लोक वेगळे काम करणार, पाइपलाइनची बाहेर न आलेली माहिती विकणाऱ्यांपर्यंत पोचणार नाही, आणि ती मधल्या तिसऱ्या माणसाकडूनही पोचणार नाही. या तिसऱ्या भागाला नो-कंड्युइट रूल म्हणतात आणि घसरायला होतं ते इथेच, कारण तो मधला माणूस बहुतेक वेळा साधा आयटीवाला, अकाउंटंट किंवा दोन्हीकडच्या मीटिंगला बसणारा मोठा साहेब असतो.

एक प्रश्न नेहमी येतो: आम्ही फक्त कपॅसिटी ट्रेड करणार, गॅस विकणार नाही, मग हे लागतं का? नियमातली 'मार्केटिंग फंक्शन'ची व्याख्या गॅसच्या पुनर्विक्रीवर बेतलेली आहे हे खरं. पण प्रत्यक्षात कपॅसिटी हातात असलेला डेस्क आठवड्याभरात गॅस विकायला लागतोच, कारण रिलीजला गिऱ्हाईक मिळालं नाही की भाडं अंगावर पडतं आणि ते वसूल करायचा दुसरा मार्ग म्हणजे स्वतः गॅस घेऊन पलीकडे विकणं. तेव्हा पहिल्या दिवसापासून भिंत बांधा.

भिंत म्हणजे काय काय करायचं: बॅज ॲक्सेस वेगळा, शेअर्ड ड्राइव्हच्या परवानग्या वेगळ्या, कोण कोणत्या बाजूचा याची नावानिशी यादी. पाइपलाइनने चीफ कंप्लायन्स ऑफिसर नेमायचा असतो, वर्षातून एकदा ट्रेनिंग द्यायचं असतं, आणि नवीन माणसाला रुजू झाल्यापासून ३० दिवसांत. तुमची कंपनी मार्केटिंगची माणसं ठेवणारी अफिलिएट झाली की तिचं नाव आणि पत्ता पाइपलाइनच्या वेबसाइटवर टाकायचा, आणि बदल झाला तर सात बिझनेस डेजच्या आत. हे पाइपलाइनचं काम असलं तरी तुम्ही त्यांना कळवलंच नाही तर ते करणार कसं? माहिती चुकून फुटली तर ती लगेच सगळ्यांसाठी पोस्ट करावी लागते. लपवायचा विचारसुद्धा करू नका.

आपल्याकडेही पीएनजीआरबीचा, म्हणजे पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळाचा, २००८ चा अफिलिएट कोड आहे, पाइपलाइन आणि मार्केटिंग दोन्ही करणाऱ्यांसाठी, त्यामुळे तिथे काम केलेल्यांना कल्पना नवीन नाही. पण तिथल्या सवयीवर इथे विसंबू नका, बारकावे खूप वेगळे आहेत.

४. जुनी कपॅसिटी नवीन कंपनीकडे आणणं

मी सर्वात जास्त वेळ इथे घालवला आणि तुम्हीही घालवा.

नियम एका ओळीचा आहे: ज्याच्या नावावर कपॅसिटी, त्याच्याच नावावर त्या पाइपमधला गॅस. याला शिपर-मस्ट-हॅव-टायटल म्हणतात (शिपर म्हणजे पाइपलाइनवर गॅस नेणारा, टायटल म्हणजे गॅसची मालकी). बहीण कंपनी, आई कंपनी, शंभर टक्के मालकीची कंपनी, काहीही चालत नाही. कायदेशीर नाव अक्षर न अक्षर तेच लागतं.

आमच्याकडे काय झालं ते सांगते. नवीन एलएलसी रजिस्टर झाली होती, ट्रेडर्स तिच्या नावाने गॅस घ्यायला लागले होते, पण पाइपलाइनची काँट्रॅक्ट्स अजून जुन्या कंपनीच्या नावावर होती, कारण ट्रान्सफरचे कागद क्रेडिट डिपार्टमेंटमध्ये अडकले होते. एक दिवस मी शेड्युलरच्या शेजारी उभी होते, दुपारचे १२ वाजून ३५ मिनिटं झाली असतील, १ वाजता टाइमली सायकलची, म्हणजे दुसऱ्या दिवसाच्या गॅससाठीच्या पहिल्या फेरीची, नॉमिनेशन (किती गॅस कुठून कुठे न्यायचा ही पाइपलाइनकडची मागणी) बंद होतात म्हणून तो घाईत होता. स्क्रीनवर वर काँट्रॅक्टच्या जागी जुन्या कंपनीचं नाव, आणि खाली खरेदीच्या कन्फर्ममध्ये (सौदा पक्का झाल्याच्या कागदात) नवीन एलएलसीचं. मी त्याला विचारलं हे कधीपासून, तर म्हणाला सोमवारपासून, त्या दिवशी गुरुवार होता. चार दिवस, रोजचे साधारण आठ हजार डेकाथर्म, आणि प्रत्येक दिवस वेगळं उल्लंघन. कोणाचीच नियत वाईट नव्हती. एका डिपार्टमेंटचं काम पुढे गेलं आणि दुसऱ्याचं मागे राहिलं, एवढंच. आम्ही त्या दिवसाचं नॉमिनेशन मागे घेतलं, वकिलांना सांगितलं, आकडे काढले आणि फर्कच्या ऑफिस ऑफ एन्फोर्समेंटकडे स्वतःहून कळवलं. काही महिन्यांनी कारवाई न होता ते प्रकरण बंद झालं, पण ते महिने कसे गेले ते माझं मला माहीत.

यावर डेस्ककडून हमखास येणारी आयडिया: मग जुनी कंपनी नवीनकडून गॅस विकत घेईल, स्वतःच्या कपॅसिटीवर नेईल आणि पलीकडे नवीनलाच परत विकेल, टायटलही बरोबर राहील. नको! आधी ठरवून केलेला हा प्रकार म्हणजे बाय-सेल, आणि त्यावर वेगळी बंदी आहे. एका खड्ड्यातून निघून दुसऱ्यात.

मग रस्ते कोणते? काँट्रॅक्ट एक वर्षाहून जास्त बाकी असेल आणि मॅक्सिमम टॅरिफ रेटवर (पाइपलाइनच्या मंजूर दरपत्रकातल्या कमाल दरावर) असेल, तर आधी ठरवलेल्या शिपरला, म्हणजे तुमच्या नवीन कंपनीला, बिडिंगशिवाय कायमचं रिलीज करता येतं. रेट त्याहून कमी असेल तर बिडिंगला टाकावं लागतं आणि बाहेरचा कोणी जास्त बोली लावून घेऊन जाऊ शकतो, बरेच जण हे विसरतात. बरीच काँट्रॅक्ट्स एकत्र हलवायची असतील, काही डिस्काउंटवर, काही निगोशिएटेड (बोलणी करून ठरवलेल्या) रेटवर, तर फर्ककडे कपॅसिटी रिलीजच्या नियमांतून तात्पुरती सूट मागणारा अर्ज करतात. धंद्याची खरीखुरी पुनर्रचना असेल तर अशी सूट दिली जाते, पण त्याला वेळ लागतो आणि तोवर जुन्याच नावाने काम करायचं. आणि अगदीच थोड्या दिवसांचा प्रश्न असेल तर नवीन कंपनीतले लोक जुन्या कंपनीचे एजंट म्हणून नॉमिनेशन करू शकतात, फक्त काँट्रॅक्ट आणि टायटल दोन्ही जुन्या कंपनीकडेच राहिलं पाहिजे.

माझा आग्रह असा की एक गो-लाइव्ह तारीख ठरवा आणि त्याआधी ट्रेडिंग सिस्टिममध्ये नवीन कंपनीचं नाव निवडताच येणार नाही असं आयटीकडून करून घ्या. लोकांना ईमेल पाठवून हे थांबत नाही, आम्ही पाठवला होता.

५. रोजचं रिलीज: दिवस मोजा

३१ दिवसांपर्यंतचं रिलीज बिडिंगशिवाय देता येतं, पण ते संपल्यावर त्याच शिपरला पुन्हा तसंच बिडिंगशिवाय द्यायचं तर मध्ये २८ दिवस जावे लागतात. ३१ दिवसांहून जास्त आणि एक वर्षापर्यंतचं असेल तर बिडिंगला जातं, आणि २००८ च्या ऑर्डर ७१२ पासून त्यावर कमाल दराची मर्यादा नाही. एक वर्षाच्या वर गेलात की कमाल दर पुन्हा लागू.

आता नवीन अफिलिएट काढल्यावर कोणाच्याही मनात येतं ते असं की या महिन्यात कंपनी अ ला देऊ, पुढच्या महिन्यात कंपनी ब ला, मग परत अ, दोघी आपल्याच, २८ दिवसांची अट आपोआप पाळली जाते. याला फ्लिपिंग म्हणतात, आणि बिडिंग चुकवण्यासाठी डिस्काउंटवर केलेल्या अशा फ्लिपिंगबद्दल फर्कने दंड वसूल केलेले आहेत. आणि हे लपत नाही, पाइपलाइनने रोज प्रसिद्ध करायच्या माहितीत रिलीज करणारा आणि घेणारा अफिलिएट आहेत का हा रकानाच असतो.

तुमची कंपनी दुसऱ्यांची कपॅसिटी सांभाळणारी ॲसेट मॅनेजर होणार असेल तर मात्र ऑर्डर ७१२ ने चांगली सवलत दिलीय: बिडिंग नाही, आणि गॅसचा व्यवहार त्याच कराराला जोडता येतो, जे एरवी चालत नाही. पण त्या बदल्यात रिलीज करणाऱ्याने मागितलं तर रोजच्या काँट्रॅक्ट क्वांटिटीच्या १०० टक्क्यांपर्यंत गॅस द्यायची किंवा घ्यायची बांधिलकी लागते, दर १२ महिन्यांत किमान पाच महिने, आणि रिलीजच त्याहून छोटं असेल तर त्याच्या पूर्ण मुदतीभर. हे कलम करारात नसेल तर ती ॲसेट मॅनेजमेंट नाही, साधं रिलीज आहे आणि साधे नियम लागतील.

६. ओपन सीझनमध्ये एकच हात वर

पाइपलाइनकडे कपॅसिटी मोकळी झाली की ती ओपन सीझन जाहीर करते, आणि बोली सारख्या आल्या तर काही वेळा सगळ्यांना प्रमाणात वाटून देते. २००७ मध्ये शायेन प्लेन्स पाइपलाइनच्या ओपन सीझनमध्ये काही ग्रुपांनी एकाहून जास्त अफिलिएट्सच्या नावाने पूर्ण बोली लावली, म्हणजे वाटणीत तेवढे जास्त वाटे. फर्कने २००९ मध्ये ते बाजाराची फसवणूक म्हणून धरलं, आणि २०११ मध्ये ऑर्डर ८९४ ने नियमच केला: प्रमाणात वाटप होऊ शकतं अशा ओपन सीझनमध्ये एका ग्रुपच्या एकाहून जास्त अफिलिएट्सनी बोली लावायची नाही, प्रत्येकीचं स्वतःचं वेगळं धंद्याचं कारण असल्याशिवाय. आणि तसं कारण असून दोघींनी बोली लावलीच, तर मिळालेली कपॅसिटी एकमेकींना द्यायची नाही.

म्हणून नवीन कंपनी काढल्याच्या दिवशीच ग्रुपमध्ये एक माणूस ठरवा जो प्रत्येक ओपन सीझनच्या आधी विचारेल की अजून कोण बोली लावतंय. भिंतीच्या दोन्ही बाजूंना हे विचारायचं असेल तर तो माणूस कंप्लायन्स किंवा लीगलचा असावा, ट्रेडर नको. आणि दोघी बोली लावणार असतील तर दोघींचं कारण बोलीच्या आधीच्या तारखेने लिहून ठेवा, नंतर लिहिलेल्याला काही किंमत नसते.

७. राज्याचे नियम

ग्रुपमध्ये डिस्ट्रिब्युशन कंपनी असेल तर तिच्या राज्याचं युटिलिटी कमिशनही तुमच्याकडे बघणार. त्यांचा प्रश्न साधा असतो आणि मला तो रास्त वाटतो: या कपॅसिटीचं भाडं घरगुती ग्राहक बिलातून भरतोय, मग ती स्वस्तात अफिलिएटला देऊन नफा मालकाच्या खिशात का जावा? कॅलिफोर्नियात १९९७ पासून अफिलिएट व्यवहारांचे नियम आहेत, इतर बऱ्याच राज्यांत आपापले आहेत. टेक्सासच्या आतल्या आत चालणाऱ्या पाइपलाइन रेलरोड कमिशनकडे येतात, नावात रेल्वे असली तरी ते आता तेल आणि गॅसचं काम बघतं. फर्कचं जमलं म्हणजे सगळं जमलं असं धरून आम्ही राज्याचा अर्ज दोन महिने उशिरा केला, तुम्ही दोन्ही एकदम सुरू करा.

८. कागदपत्रं

प्रत्येक पाइपलाइनचं टॅरिफ वेगळं असतं, पण साधारण हे लागतंच:

- कंपनीच्या नोंदणीचे कागद आणि मालकीचा तक्ता (पहिल्या पायरीतला)
- डन्स नंबर (डन अँड ब्रॅडस्ट्रीट कंपनी देते तो ओळख क्रमांक), पाइपलाइनच्या सिस्टिम तुम्हाला याच नंबरने ओळखतात
- ऑडिटेड फायनान्शियल्स. नवीन कंपनीकडे ती नसतातच, म्हणून पेरेंट गॅरंटी, लेटर ऑफ क्रेडिट किंवा रोख डिपॉझिट. चालू पाइपलाइनवर साधारण तीन महिन्यांच्या रिझर्व्हेशन चार्जएवढं, म्हणजे कपॅसिटीच्या भाड्याएवढं, धरा
- पाइपलाइनच्या बुलेटिन बोर्डचा (नॉमिनेशन आणि रिलीज जिथे करतात त्या वेबसाइटचा) ॲक्सेस करार, आणि कोणाला काय करायचा अधिकार आहे त्याची यादी
- गॅस खरेदी-विक्रीसाठी नाएस्बीचा (या उद्योगाची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचा) बेस काँट्रॅक्ट, प्रत्येक काउंटरपार्टीशी, म्हणजे समोरच्या कंपनीशी, नव्याने, जुन्या कंपनीचा चालत नाही
- एजन्सी करार, तो करणार असाल तर
- लिखित कंप्लायन्स प्रोग्रॅम आणि ट्रेनिंगच्या सह्या

यातलं क्रेडिट सगळ्यात आधी सुरू करा. आमचं तिथेच अडकलं होतं, आणि चौथ्या पायरीतला सगळा घोळ त्यातूनच झाला.

९. सुरू झाल्यानंतर

वर्षभरात २२ लाख एमएमबीटीयू (म्हणजे डेकाथर्मच) किंवा जास्तीचे रिपोर्टेबल फिजिकल, म्हणजे प्रत्यक्ष गॅसचे, व्यवहार झाले तर पुढच्या १ मे पर्यंत फर्कचा फॉर्म ५५२ (वर्षभराच्या गॅस व्यवहारांचा अहवाल) भरायचा. कोणते व्यवहार मोजायचे ते फॉर्मच्या सूचनांत आहे, आणि तशी खूण व्यवहार होतानाच सिस्टिममध्ये टाकत जा, एप्रिलमध्ये मागे जाऊन शोधणं फार वेळखाऊ.

मार्केट मॅनिप्युलेशनचा (बाजारात फसवाफसवी करण्यावर बंदी घालणारा) नियम २००५ च्या एनर्जी पॉलिसी ॲक्टमधून आला. तेव्हा दंडाची मर्यादा दर उल्लंघनाला, दर दिवसाला १० लाख डॉलर होती, महागाईप्रमाणे वाढत आता १५ लाखांच्या वर गेलीय. कपॅसिटी डेस्कला यात धोका असा की पाइपवर तोट्यात गॅस नेऊन दुसरीकडच्या फायनान्शियल पोझिशनला (गॅसच्या भावावर केलेल्या कागदी सौद्याला) फायदा झालेला दिसला की प्रश्न येतोच. बीपीवर २००८ च्या ह्यूस्टन शिप चॅनेलमधल्या ट्रेडिंगसाठी फर्कने २०१६ मध्ये दोन कोटी डॉलरच्या वर दंड लावला. २०२२ मध्ये फिफ्थ सर्किट या फेडरल अपील कोर्टाने सांगितलं की फर्कच्या हद्दीत येणाऱ्या व्यवहारांपुरताच दंड लावता येईल आणि रकमेचा फेरविचार करायला लावला, पण मॅनिप्युलेशन झालं हा निष्कर्ष कायम ठेवला. तेव्हा तोट्यातली वाहतूक करायची वेळ आलीच, आणि येते, रिझर्व्हेशन चार्ज आधीच भरलेला असतो म्हणून ती बऱ्याचदा योग्यही असते, तर ट्रेडरने त्याच दिवशी दोन ओळींत कारण लिहून ठेवावं.

आणि चूक सापडली तर आमच्यासारखं करा: आधी थांबवा, मग मोजा, मग वकिलाला फोन, मग फर्कला. २०१० च्या पेनल्टी गाइडलाइन्समध्ये स्वतःहून कळवण्याला आणि चांगल्या कंप्लायन्स प्रोग्रॅमला सूट आहे. काही करण्याआधीच शंका असेल तर नो-ॲक्शन लेटर (असं केलंत तर कारवाईची शिफारस करणार नाही, असं पत्र) मागता येतं, आणि एन्फोर्समेंटची हॉटलाइन आहे, तिथे नाव न सांगताही विचारता येतं. मी दोनदा विचारलंय, दोन्ही वेळा पलीकडच्या माणसाने शांतपणे सगळं ऐकून घेतलं.